लॉनमोअरची पाती: धार, तोल आणि निगा (पुण्यातल्या बागांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्रभात रस्त्यावरच्या बंगल्यापुढची हिरवळ असो की बाणेर-वाकडच्या सोसायटीत स्लॅबवर अंथरलेलं लॉन, तक्रारी ठरलेल्या असतात: कापल्यावर गवत पिवळं पडतं, मशीन थरथरतं, धार लावून आणली तरी फरक पडत नाही. यांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ मशीनच्या पोटाखाली असतं, आणि तिथे वाकून बघायचं राहून जातं. बंगल्याचे मालक, सोसायटीचे पदाधिकारी आणि रोज मशीन ढकलणारे माळीकाका, तिघांच्याही उपयोगी पडतील अशी उत्तरं इथे दिली आहेत. हवा तो प्रश्न शोधून वाचा. मात्र पात्याला हात लावण्याआधी सुरक्षिततेचं उत्तर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पात्याची धार गेली आहे हे कसं ओळखायचं?

पात्याकडे बघण्याआधी गवताकडे बघा. कापणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लॉनवर उकिडवे बसा आणि चार-दोन ठिकाणचे शेंडे निरखा. शेंडा सरळ रेषेत कापलेला असेल तर धार चांगली आहे. शेंड्याच्या चिंध्या झाल्या असतील, बारीक तंतू लोंबत असतील, तर पात्याने गवत कापलेलं नाही, ओरबाडलं आहे. असे शेंडे एक-दोन दिवसांत वाळून पांढुरके-तपकिरी होतात आणि लांबून अख्खं लॉन मळकट दिसायला लागतं. पाणी कमी पडतंय असं समजून मग पाणी वाढवलं जातं, युरिया टाकला जातो. दोन्हींनी हा रंग जात नाही.

मशीनही सांगत असतं. त्याच पट्ट्यावरून दोनदा फिरवावं लागणं, गवत न कापता नुसतं आडवं पडणं, दाट गवतात इंजिनाचा आवाज दबणं, इलेक्ट्रिक मशीनची मोटर नेहमीपेक्षा लवकर तापणं, ही सगळी बोथट पात्याची लक्षणं आहेत.

शेंडे थोडे फाटले तर एवढं काय बिघडतं?

फाटलेली जखम मोठी असते आणि उशिरा भरते. मे महिन्यात तिच्यातून पाणी जास्त उडून जातं. टँकरवर किंवा प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर बाग जगवणाऱ्या सोसायट्यांना हे परवडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पानं दिवसदिवस ओली असतात, तेव्हा त्याच जखमेतून बुरशी शिरते. लॉनवर गोल डाग दिसले की बुरशीनाशक आणलं जातं. ते आणायला हरकत नाही, पण बोथट पातं तसंच ठेवून फवारणी केली तर दर आठवड्याला नव्या जखमा होतच राहतात.

माझ्या मशीनला कोणत्या प्रकारचं पातं आहे?

मशीन बंद करून, वीज तोडून खाली बघा. मधोमध बोल्टने बसवलेली, पंख्यासारखी आडवी फिरणारी एकच पट्टी दिसली तर ते रोटरी मशीन. आडव्या दांड्याभोवती पीळ दिलेली पाच-सहा पाती आणि त्यांच्या खाली एक स्थिर पट्टी दिसली तर ते रीलचं मशीन, ज्याला सिलिंडर मशीनही म्हणतात. हाताने ढकलायची बिनइंजिनाची मशीनं बहुतेक याच प्रकारची असतात.

दोघांचं काम करण्याचं तत्त्व वेगळं आहे, म्हणून निगाही वेगळी. रोटरी पातं निव्वळ वेगाच्या जोरावर गवत छाटतं. रील मात्र कात्रीसारखं काम करतं: फिरतं पातं आणि खालची स्थिर पट्टी यांच्यामध्ये गवत सापडतं आणि कापलं जातं. लॉनमोअरची सुरुवात या रीलपासूनच झाली. इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव साफ कापणारं गिरणीतलं यंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. म्हणूनच गोल्फच्या मैदानावरचं अगदी बारीक, गालिच्यासारखं कापलेलं गवत आजही रीलनेच कापतात. घरच्या हिरवळीला रोटरी पुरतं.

धार किती दिवसांनी लावायची?

दिवस मोजू नका, मशीन चालल्याचे तास मोजा. रोटरी पात्याला साधारण २० ते २५ तासांच्या कामानंतर धार लावावी लागते. आठवड्याला दोन तास मशीन चालत असेल तर हे तीन महिन्यांच्या आत येतं. एकच माळी तेच मशीन चार सोसायट्यांत फिरवत असेल तर तीन आठवड्यांतच येतं. मशीनच्या खोलीत एक वही ठेवून तास लिहिले तर हा प्रश्न पुन्हा विचारावा लागत नाही.

पुण्यात हा आकडा बऱ्याचदा खाली येतो, कारण आपल्याकडे गवताखालची जमीन साफ नसते. नव्या इमारतींच्या आवारात राडारोड्यावरच मातीचा पातळ थर टाकून लॉन अंथरलेलं असतं. पहिल्या दोन पावसांत फरशीचे तुकडे, खडी, बांधणीची तार वर येते. मुरमाड भागातही तेच. अशा ठिकाणी दर कापणीनंतर पात्यावर नजर टाका.

पात्याला हात लावण्याआधी काय करायचं?

हे उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आहे. ४६ सेंटीमीटरचं पातं मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग तासाला सुमारे २६० किलोमीटर भरतो. बटण सोडल्याबरोबर ते थांबत नाही. अमेरिकेत १९८२ पासून ढकलायच्या रोटरी मशीनला अशी सक्ती आहे की हँडल सोडल्यावर पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. आपल्याकडे वापरात असलेल्या सगळ्याच मशीनना असा ब्रेक नसतो. आवाज बंद झाला म्हणजे पातं थांबलं, असं कधीच धरू नका. डोळ्यांनी खात्री करा.

पेट्रोल मशीन असेल तर स्पार्क प्लगची टोपी ओढून काढा आणि वायर लांब वळवून ठेवा. हे केल्याशिवाय हाताने पातं फिरवलं तर इंजिन एक ठोका देऊ शकतं, आणि बोटं जायला तो एक ठोका पुरतो. इलेक्ट्रिक मशीनचा प्लग भिंतीतून काढा आणि वायर स्वतःजवळ आणून ठेवा, म्हणजे दुसरं कुणी तो परत लावणार नाही. बॅटरीच्या मशीनची बॅटरी बाहेर काढा. रीलच्या मशीनला इंजिन नसलं तरी एक पातं हलवलं की बाकीची सगळी हलतात, त्यामुळे दोन पात्यांच्या मध्ये बोट घालून काही साफ करू नका.

जाड चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. कापडी मोजे चालणार नाहीत.

इलेक्ट्रिक मशीन जिथून जोडता त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच लाइन तोडणारा स्विच) आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या. मशीनखाली स्वतःचीच वायर सापडून कापली जाणं, हा वरचेवर होणारा अपघात आहे. गवत ओलं असेल तेव्हा तो जिवावर बेततो.

रोटरी पातं सोडवायचं कसं?

पेट्रोल मशीन कलंडवायचं असेल तर टाकीत पेट्रोल कमी असताना कलंडवा, आणि एअर फिल्टर व कार्बोरेटर वरच्या बाजूला राहतील असंच. उलट्या बाजूने कलंडलं तर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी मशीन पांढरा धूर ओकतं किंवा सुरूच होत नाही.

सोडवण्याआधी पात्याच्या जमिनीकडच्या अंगावर खडूने किंवा ऑइलपेंटने खूण करा. परत बसवताना ही खूण दिसली पाहिजे. मग पातं आणि मशीनचं कवच यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवा, म्हणजे पातं फिरणार नाही. मधला बोल्ट बहुतेक मशीनवर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. काही मशीनवर उलटे आटे असतात, म्हणून पुस्तिका बघितल्याशिवाय अंगची ताकद लावू नका. गंजून धरलेल्या बोल्टवर गंजाचं तेल मारून अर्धा तास थांबा. पान्हा बोल्टच्या मापाचाच हवा. ॲडजस्टेबल पान्ह्याने बोल्टचे कोपरे झिजतात आणि पुढच्या खेपेला तो कशानेच सुटत नाही.

वायसर कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने बसले होते त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बशीसारखा खोलगट वायसर उलटा बसवला तर बोल्ट हळूहळू ढिला होतो.

घरी धार लावता येईल का?

येईल, आणि साध्या कानशीने उत्तम लागते. रोटरी पात्याचं पोलाद मुद्दाम फार कडक केलेलं नसतं. कडक केलं तर दगडावर आपटून ते फुटेल आणि तुकडे उडतील. म्हणून दहा-बारा इंची सपाट कानस त्यावर चांगली चालते. पातं व्हाइसमध्ये घट्ट धरा. व्हाइस नसेल तर भक्कम टेबलाच्या कडेला दोन क्लँप लावूनही काम होतं.

आधी पात्यावर वाळून चिकटलेलं गवत कालथ्याने खरवडून आणि तारेच्या ब्रशने घासून काढा, म्हणजे धारेचा मूळ उतार दिसेल. हा उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असतो. कंपनीने दिलेला आहे तोच राखायचा, आपल्या मनाने बदलायचा नाही. कानस फक्त उताराच्या बाजूने, एकाच दिशेने, आतून धारेकडे ढकलत चालवा. परत आणताना उचला, घासत आणू नका. पात्याची सपाट बाजू घासायची नाही. शेवटी तिच्यावर उमटलेली बारीक कुसळं कानशीच्या एका हलक्या हाताने काढली की पुरे.

किती धार लावायची याबद्दल मोठा गैरसमज आहे. वस्तऱ्यासारखी धार इथे नको. ती इतकी पातळ असते की पहिल्याच खड्याला दुमडते. लोणी लावायच्या सुरीइतकी धार, म्हणजे कडेला अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी जाडी, ही योग्य. गवत कापायला तेवढी भरपूर आहे, आणि ती टिकते.

दोन्ही टोकांना कानशीचे हात सारखेच मारा. एका टोकाला मोठी खाच पडली आहे म्हणून तेवढीच बाजू घासत बसलात, तर पुढे येणाऱ्या तोलाच्या प्रश्नात अडकाल. छोटी खाच राहिली तरी चालते, दोन-तीन धारांमध्ये ती आपोआप निघून जाते.

ग्राइंडरवर लवकर होतं. मग कानस कशाला?

ग्राइंडर चालतो, पण तो हात बसलेल्या माणसाने चालवावा. पातं तापून धारेवर निळा रंग चढला की समजायचं, पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि त्याचं पाणी उतरलं. ती कड मऊ पडते, पुढे कितीही धार लावा, दोन कापण्यांत बोथट होते. म्हणून चाक क्षणभर टेकवायचं, उचलायचं, शेजारच्या बादलीत पातं बुडवायचं, पुन्हा टेकवायचं. वेळ वाचवायला ग्राइंडर घेतलेला माणूस एवढं थांबत नाही, आणि पातं निळं होतं. घरगुती वापरासाठी कानसच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोल म्हणजे काय, आणि तो एवढा महत्त्वाचा का?

धारेपेक्षाही महत्त्वाचा आहे. धार कमी असली तर गवत खराब होतं. तोल गेला तर मशीन खराब होतं, आणि चालवणाऱ्याचे हातही.

हिशोब असा. पात्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा फक्त १० ग्रॅम जड आहे, ते वजन मध्यापासून २० सेंटीमीटरवर आहे, आणि पातं मिनिटाला ३००० फेरे घेतंय. त्या १० ग्रॅममुळे दांड्यावर येणारा ओढा सुमारे २० किलो वजनाइतका असतो, आणि तो सेकंदाला ५० फेरे घेत दिशा बदलत राहतो. त्याने बेअरिंग खिळखिळी होते, नट ढिले होतात, मशीनच्या पत्र्याला चिरा जातात. तीच थरथर हँडलमधून माळीकाकांच्या मनगटात जाते. संध्याकाळी हाताला मुंग्या येतात असं ते सांगत असतील तर ते वयामुळे आहे असं म्हणून सोडून देऊ नका, पातं काढून तपासा.

तपासणं अगदी सोपं आहे. भिंतीत एक खिळा आडवा ठोका, पात्याच्या मधल्या भोकातून तो घाला आणि पातं आडवं धरून सोडा. जे टोक खाली जाईल ते जड. पातं फिरवून, डावीकडचं टोक उजवीकडे करून पुन्हा बघा, म्हणजे खिळ्याच्या घर्षणाने फसगत होणार नाही. जड टोकाच्या धारेच्या विरुद्ध कडेवरून थोडं घासा, पुन्हा लावून बघा. कुठल्याही बाजूला न झुकता ते आडवं राहिलं की झालं. हलक्या टोकाला वेल्डिंगचा ठिपका देऊन किंवा जड टोकाला भोक पाडून तोल साधायचा नाही. दोन्ही प्रकारांनी पातं तिथेच तडकतं.

सायकलवरून फिरणाऱ्या धारवाल्या काकांकडे दिलं तर?

रोटरी पातं देता येईल, पण शेजारी उभं राहून. त्यांचा हात सुरी-कात्रीवर बसलेला असतो, त्यामुळे सवयीने ते दोन्ही बाजूंनी घासून पातळ धार काढतात. "काका, फक्त वरच्या बाजूने, आहे त्याच उतारात, आणि फार पातळ नको," एवढं आधी सांगा. तोल मात्र घरी येऊन खिळ्यावर तपासायचाच. रीलचं काम त्यांचं नाही. त्याला मोठं मशीन लागतं.

रीलच्या मशीनची निगा कशी करायची?

इथे धारेइतकीच फट महत्त्वाची. फिरती पाती आणि खालची पट्टी यांच्यातलं अंतर कागदाइतकंही असून चालत नाही, पण दोन्ही एकमेकांवर करकचून घासताही कामा नयेत. तपासायला वर्तमानपत्राची पट्टी घ्या, खालच्या पट्टीवर काटकोनात उभी धरा आणि काठीने रील हळूच फिरवा. हाताने नको. कागद कात्रीने कापल्यासारखा सपकन तुटला पाहिजे. हे डाव्या टोकाला, मध्यभागी, उजव्या टोकाला, आणि रीलच्या प्रत्येक पात्यासाठी वेगवेगळं करून बघा. कागद नुसता दुमडून आत गेला तर तिथे फट जास्त आहे.

दोन्ही बाजूंना समायोजनाचे स्क्रू असतात. ते एका वेळी पाव फेऱ्याहूनही कमी फिरवा, आधी एक बाजू, मग दुसरी, आणि प्रत्येक वेळी कागद लावा. नीट बसलेलं रील काठीने ढकललं की अडखळत नाही आणि अगदी हलका सुळसुळ आवाज करतं. खडखड किंवा किरकिर येत असेल तर फट फारच आवळली आहे. अशा वेळी पाती तापतात आणि झपाट्याने झिजतात.

फट बरोबर असूनही कागद तुटत नसेल तर कडा गोलावल्या आहेत. त्यावर उपाय म्हणजे रील उलटं फिरवून पेस्टने घासणं. इंजिनाच्या व्हॉल्व्हला वापरतात ती ग्राइंडिंग पेस्ट यासाठी चालते. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत ती मिळते. लांब दांड्याच्या जुन्या ब्रशने पात्यांच्या कडांवर पेस्ट लावायची, रीलच्या दांड्याला हँडल लावून ते उलट्या दिशेने फिरवायचं, आणि सगळ्या कडांवर एकसारखी चकाकी येईपर्यंत थांबायचं नाही. नंतर साबणाच्या पाण्याने पेस्टचा कणन् कण धुऊन काढा, कोरडं करा, तेल द्या. राहिलेली पेस्ट पुढच्या कापणीत पाती खात राहते. शेवटी फट पुन्हा कागदावर तपासा, कारण घासल्यावर ती वाढलेली असते.

रीलचा एका टोकाचा व्यास दुसऱ्यापेक्षा कमी झाला असेल किंवा मोठ्या खाचा असतील, तर पेस्टने भागत नाही. ते ग्राइंडिंगच्या कारखान्यातच नेलं पाहिजे. भोसरी औद्योगिक परिसरात कटर घासून देणाऱ्या बऱ्याच कार्यशाळा आहेत. रीलच्या लांबीचं काम ते घेतात का, हे आधी फोनवर विचारा, आणि खालची पट्टीही सोबत न्या. दोघांपैकी एकालाच धार लावून काही उपयोग नसतो.

कापण्याआधी लॉन वेचणं खरंच गरजेचं आहे का?

हो. पात्याची सगळ्यात स्वस्त निगा हीच. पुण्यात तर सणवारांच्या मागोमाग हे काम येतंच. गणपतीचा मांडव उतरल्यावर खिळे, सुतळी आणि खुंट्या गवतात राहतात. दिवाळीनंतर मुलांच्या किल्ल्याचे दगड आणि, त्याहून वाईट, फुलबाज्यांच्या जळलेल्या तारा. ही तार काळपट झाल्यामुळे गवतात दिसत नाही. रोटरी पातं ती भिरकावतं, रीलमध्ये ती गुंडाळली जाऊन पट्टीला खाच पाडते. दिवाळी झाल्यावरच्या पहिल्या कापणीआधी दोरीला बांधलेलं लोहचुंबक लॉनवरून ओढत न्या. मुलांना हे काम सांगितलं तर ती आनंदाने करतात.

उगवून वर येणारे स्प्रिंकलर खाली गेलेत ना, तेही बघा.

पातं दगडावर जोरात आपटलं. आता?

लगेच बंद करा. पुन्हा सुरू करून "बघू या चालतंय का" असं नको. प्लगची टोपी काढून पातं तपासा: वाकलंय का, तडा आहे का, बोल्ट ढिला झालाय का. एखादी स्थिर खूण धरून पातं हळू फिरवा. दोन्ही टोकं त्या खुणेपासून सारख्याच उंचीवरून गेली पाहिजेत. फरक दिसला तर पातं वाकलं आहे. नवं पातं लावूनही फरक राहिला तर इंजिनाचा दांडा वाकला आहे, आणि ते काम मेकॅनिकचं.

पातं ठीक दिसतंय पण इंजिन सुरू होत नाही, किंवा दोरी ओढताना उलटा झटका मारतं, असं झालं तर फ्लायव्हीलखालची (इंजिनाच्या दांड्यावरच्या जड चाकाखालची) चावी तुटली असण्याची दाट शक्यता आहे. ती मऊ धातूची छोटी पट्टी मुद्दाम ठेवलेली असते, आघात स्वतःवर घेऊन तुटण्यासाठी. तिच्या जागी खिळा कापून घालू नका. पुढच्या आघाताला मग दांडाच वाकेल.

वाकलेलं पातं ठोकून सरळ केलं, किंवा तडा वेल्डिंगने भरला, तर?

नाही. याला दुसरं उत्तर नाही. ठोकल्याने पोलादात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. वेल्डिंगने सांध्याशेजारचा भाग ठिसूळ होतो. वर दिलेला वेग आठवा: त्या वेगाने सुटलेला पोलादाचा तुकडा बागेत बसलेल्या आजोबांपर्यंत किंवा खेळणाऱ्या मुलापर्यंत पोचायला निमिषही लागत नाही. गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून "तसंच" पातं बनवून देतो असं कुणी म्हणालं, तरी नको. जाडी, वजन, वळण आणि कडकपणा यांतलं काहीच जुळलेलं नसतं. इथे पैसे वाचवणं मला मान्य नाही.

नवं पातं केव्हा घ्यायचं, आणि घेताना काय बघायचं?

पात्याच्या मागच्या कडेला वर वळलेला पंख असतो. तो हवा ओढून गवत उभं करतो, म्हणून कापणी एकसारखी होते. वाळू आणि धुळीने हा पंख झिजत जातो. जिथे सपाट भाग संपून पंख सुरू होतो तिथे पोलाद पातळ झालं किंवा फट दिसली, की पातं त्याच दिवशी काढून टाका. धारेची कड झिजून टोकं निमुळती झाली, मधलं भोक लांबट झालं, तडा दिसला, तरी तेच. जुनं पातं भंगारात देताना मधोमध वाकवून द्या, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या मशीनवर चढणार नाही.

घेताना जुनं पातं सोबत न्या. लांबी टोकापासून टोकापर्यंत तिरकी मोजायची. मधल्या भोकाचा आकार आणि माप, जाडी, आणि मधला भाग किती खोल गेला आहे, हे सगळं जुळलं पाहिजे. नवा बोल्ट आणि वायसरही घ्या. कानस, हातमोजे, तारेचा ब्रश वगैरे रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एकाच फेरीत होतं.

मेक्सिकन लॉनवर पातं लवकर बोथट होतं, हे खरं आहे का?

खरं आहे. मेक्सिकन म्हणून नर्सरीत मिळणारं बारीक, दाट गवत हे झोयसिया प्रकारातलं. त्याची पानं चिवट असतात. गवतांच्या पानांत सिलिकाचे कण असतात, ते पात्याला झिजवतात. हरळीच्या लॉनपेक्षा इथे धार लवकर तपासा.

पोयटा किंवा वाळू टाकल्यावर लगेच कापलं तर चालेल?

नाही. शेणखत, पोयटा, वाळू पसरल्यावर ती पाण्याने मुळांपर्यंत बसू द्या, गवत त्यातून वर येऊ द्या. तोवर मशीन बाहेर काढू नका. विशेषतः रीलची धार वाळूच्या एका कापणीत जाते.

पावसाळ्यात वेगळं काय करायचं?

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत गवत वाढत असतं आणि कापायला कोरडा दिवस मिळत नाही. उघडीप मिळाली की दुपारी, पानं सुकल्यावर कापा. उंची एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कमी करू नका: सहा सेंटीमीटर असेल तर चारवर आणा, राहिलेलं चार दिवसांनी. खूप वाढलेलं ओलं गवत एकदम कापायला गेलात तर ते कवचाखाली लगद्यासारखं चिकटतं, हवा खेळत नाही, आणि धारदार पातंही बोथट असल्यासारखं वागतं.

प्रत्येक कापणीनंतर, प्लग काढून, कवच आणि पातं खरवडा आणि कोरड्या फडक्याने पुसा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. इलेक्ट्रिक मशीनवर नळीने पाणी मारू नका. ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ठेवलं तर आतल्या आत दमट राहून गंज जास्त चढतो. त्यापेक्षा छपराखाली उघडं, लाकडी फळीवर ठेवलेलं बरं.

पाऊस ओसरल्यावर वर्षातली मोठी तपासणी करायची, आणि त्याला खंडेनवमीइतका चांगला मुहूर्त नाही. कोयता, कात्री, खुरपं पूजेला मांडायचं असतंच. आदल्या दिवशी लॉनमोअरचं पातंही सोडवा, घासा, धार लावा, तोल बघा आणि मग त्याला हळदीकुंकू लावा.

सोसायटीने नेमकी काय तरतूद करावी?

दोन पाती ठेवा: एक मशीनवर, एक धार लावून, तेल देऊन, कागदात गुंडाळलेलं. दुसरं पातं नसतं म्हणूनच बोथट पातं महिनोन् महिने चालवलं जातं. माळीकाका धारेला घेऊन गेले की त्या आठवड्याची कापणी चुकते, आणि चुकली की तक्रार त्यांच्याच नावावर येते. चामड्याचे मोजे, चष्मा, बंद बूट, योग्य मापाचा पान्हा आणि कानस सोसायटीने द्यायची, त्यांनी घरून आणायची नाही. आणि पात्याची देखभाल हा कामाचा भाग धरून त्यासाठी महिन्यातला एक तास पगारी वेळात मोकळा ठेवा. ठेकेदारामार्फत बाग सांभाळली जात असेल तर हे सगळं करारात लिहून घ्या.

धार लावलेलं पातं बसवलं, तरी गवत कापलंच जात नाही. का?

बहुधा पातं उलटं बसलं आहे. वर वळलेला पंख मशीनच्या कवचाकडे, आणि खडूची खूण जमिनीकडे हवी. फिरण्याच्या दिशेला धारेची कड पुढे येते का, हे पातं हाताने सावकाश फिरवून बघा, अर्थात प्लगची टोपी काढलेली असताना. पातं बरोबर असेल तर बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कइतका, म्हणजे तिथे दिलेल्या जोराइतका, आवळला आहे का ते तपासा. टॉर्कचा पान्हा जवळच्या गॅरेजमध्ये असतो. ढिल्या बोल्टवर पातं जोर पडला की घसरतं, आणि मशीन जोरात चालूनही गवत तसंच उभं राहतं.